सीआरएममधली ग्राहकांची यादी कामाला येईल अशी कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा जणांची विक्री टीम, नुकतंच घेतलेलं सीआरएम, म्हणजे ग्राहकांची आणि सौद्यांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर. ग्राहकांची यादी उघडली की अठरा रकाने समोर येतात, त्यातले निम्मे स्क्रीनच्या बाहेर. हवा तो ग्राहक पटकन सापडत नाही, म्हणून जो तो यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतो आणि तिथेच काम करतो. रकाने बदलता येतील का, प्रत्येकाला त्याच्या कामाची वेगळी यादी देता येईल का, ज्यांचा फॉलो-अप राहून गेलाय ते लाल दिसतील का, आणि या सगळ्याला प्रोग्रामर लागेल का, असे चार प्रश्न विचारले आहेत.

चौथ्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं करायला हात लावायचा की नाही हे त्यावरच ठरतं. बहुतेक कामाला प्रोग्रामर लागत नाही. रकाने, फिल्टर, क्रम, कोणती यादी कोणाला दिसावी, हे ॲडमिनच्या सेटिंगमधून होतं. कोड लागतो तो रंग आणि चिन्हांच्या काही प्रकारांना, किंवा एकाच ओळीत दोन-तीन ठिकाणची माहिती गोळा करून दाखवायची असेल तेव्हा. सीआरएम लावून देणं आणि पुढे ते सांभाळणं हे मी बरीच वर्षं करते आहे. यादीबद्दल तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक टीमांचं काम कोडची एकही ओळ न लिहिता मार्गी लागलं.

सेटिंग उघडण्याआधी मात्र एक करा. टीममधल्या दोघा-तिघांच्या शेजारी सकाळचा अर्धा तास बसा. "तुम्हाला कोणते रकाने हवेत?" असं अजिबात विचारू नका, या प्रश्नाला प्रत्येक जण "सगळेच असू देत" असंच म्हणतो, आणि तुमचे अठरा रकाने बहुधा असेच जमलेत. त्याऐवजी ते यादी कशासाठी उघडतात ते बघा. एक जण आज कोणाला फोन करायचा ते शोधत असतो. दुसरी या महिन्यात कोणते सौदे बंद होण्याच्या बेतात आहेत ते चाळत असते. तिसऱ्याला नव्याने आलेल्या लीडपैकी, म्हणजे अजून ग्राहक न झालेल्या संभाव्य गिऱ्हाइकांपैकी, अजून कोणाशीच बोलणं झालेलं नाही असे लोक हवे असतात. टीमचा प्रमुख कोणाच्या नावावर किती ग्राहक पडून आहेत ते पाहतो. हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना चार वेगळ्या याद्या लागतात. चौघांना एकच यादी द्यायची म्हटलं की ती अठरा रकान्यांचीच होणार.

यादी म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर, असं धरून चाललं की पुढचे निर्णय भराभर होतात. तिचे तीन भाग असतात: यादीत कोण यावं, आधी कोण दिसावं आणि प्रत्येकाबद्दल काय दिसावं. म्हणजे फिल्टर, क्रम आणि रकाने. बहुतेक जण रकान्यांपासून सुरुवात करतात, मी शेवटी त्यांच्याकडे येते. फिल्टर नीट लागला की निम्मे रकाने आपोआप अनावश्यक ठरतात.

एक यादी पूर्ण लावून दाखवते. नाव देऊ "आज फोन करायचे". यात कोण यावं? जबाबदार व्यक्ती मी स्वतः, सौदा अजून उघडा, आणि पुढच्या फॉलो-अपची तारीख आजची किंवा उलटून गेलेली. यात एक अट लोक नेहमी विसरतात: "किंवा तारीख रिकामी". ज्या ग्राहकाला पुढची तारीखच टाकलेली नाही, तो "आज किंवा आधी" या फिल्टरमध्ये बसत नाही, कारण रिकामी जागा आजच्या आधीची नसते आणि नंतरचीही नसते. असे ग्राहक कोणत्याच यादीत येत नाहीत आणि महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेला पडत नाहीत. माझ्या अनुभवात हातचे गेलेले ग्राहक सर्वांत जास्त इथेच सापडतात. म्हणून ती अट घालाच.

तारखेबद्दल अजून एक. फिल्टरमध्ये तारीख टाइप करू नका, "आज", "हा आठवडा", "गेले 30 दिवस" अशी चालती तारीख निवडा. टाइप केलेली तारीख तिथेच गोठते. पहिल्या दिवशी यादी बरोबर दिसते, मग हळूहळू चुकत जाते आणि चुकतेय हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय तारखेसोबत वेळही साठवणारं फील्ड (ग्राहकाच्या नोंदीतली माहिती भरायची एक जागा) असेल तर वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमधला टाइम झोन तपासा. सीआरएम आत वेळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत ठेवतं आणि दाखवताना ती माणसाच्या टाइम झोनमध्ये बदलतं. एखाद्याचं प्रोफाइल चुकीच्या टाइम झोनवर राहिलं, तर त्याचा "आज" इतरांच्या आधी किंवा नंतर सुरू होतो आणि दोघांच्या यादीत वेगवेगळी माणसं दिसतात.

आता रकाने. पहिला ग्राहकाचं नाव, कारण त्यावर क्लिक करून रेकॉर्ड उघडतं. दुसरा फोन नंबर, कारण ही फोन करायची यादी आहे. तिसरा पुढच्या फॉलो-अपची तारीख. चौथा "पुढची कृती", म्हणजे मागच्या वेळी बोलणं संपताना स्वतःच लिहून ठेवलेली एक ओळ: "सुधारित दर पाठवायचे", "मॅनेजर रजेवरून आल्यावर फोन". पाचवा सौद्याचा टप्पा, सहावा रक्कम, सातवा शेवटचा संपर्क कधी झाला. सात झाले, बस्स. यातला चौथा सर्वांत मोलाचा, आणि बहुतेक सीआरएममध्ये तो आयता नसतो. साधं एका ओळीचं मजकुराचं फील्ड बनवायचं. मोठ्या टिपणांचं फील्ड यादीत आणू नका. ते यादीत तुटक दिसतं, ओळी उंच होतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरांत त्यावर क्रमही लावता येत नाही.

काय काढलं तेही सांगते. "जबाबदार व्यक्ती" हा रकाना काढला, कारण यादीच माझ्या नावाची आहे. प्रत्येक ओळीत तेच नाव येणार. एक सोपी कसोटी आहे: रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच गोष्ट लिहिलेली दिसली, तर ती फिल्टरमध्ये असायला हवी आणि रकाना निघायला हवा. "कोणी तयार केलं" हाही तसाच. जुना डेटा एकदम आयात केलेला असला की हजारो ओळींवर ॲडमिनचंच नाव दिसतं. पत्ता, वेबसाइट, उद्योगाचा प्रकार, लीड कुठून आली, हे सगळं ग्राहकाचं रेकॉर्ड उघडल्यावर दिसतंच. फोन करायचा की नाही हे त्यावरून ठरत नाही. हाच "लीड कुठून आली" रकाना नव्या लीडच्या यादीत मात्र दुसऱ्या क्रमांकावर हवा, कारण तिथे तो निर्णय बदलतो.

रकान्यांचा क्रमही विचारपूर्वक लावा. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, आणि मोबाइलवर तर बहुतेक ॲप्स पहिले काही रकानेच दाखवतात. "टप्पा" आणि "रक्कम" पुढे घेऊन फोन नंबर मागे टाकला, तर बाहेर फिरणाऱ्या माणसाला फोन करायला प्रत्येक वेळी रेकॉर्ड उघडावं लागेल.

आता क्रम. ही दिसायला सोपी बाब आहे, पण इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबते.

पहिली अडचण पुन्हा रिकाम्या जागांची. तारखेनुसार चढता क्रम लावला तर रिकाम्या तारखांचे ग्राहक वर येणार की खाली? हे सीआरएमच्या खाली असलेला, माहिती साठवणारा डेटाबेस ठरवतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस चढत्या क्रमात रिकाम्या नोंदी आधी दाखवतो, पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा त्या शेवटी टाकतो. त्यामुळे एका सीआरएमवरून दुसऱ्यावर आल्यावर "आमचे ग्राहक गायब झाले" अशी तक्रार येते. ते गेलेले नसतात, यादीच्या शेवटच्या पानावर असतात. तुम्ही सीआरएम नुकतंच घेतलंय, तर हे आजच तपासून बघा.

दुसरी अडचण आकड्यांची. ग्राहक क्रमांक किंवा प्राधान्य मजकुराच्या फील्डमध्ये साठवलं असेल तर 10 हा 9 च्या आधी येतो, कारण मजकूर अक्षराअक्षराने लावला जातो आणि 1 हा 9 च्या आधी असतो. त्यावर उपाय एकच, फील्डचा प्रकार बदलणं. यादीत कितीही खटपट केली तरी ते सुटत नाही.

तिसरी अडचण ड्रॉपडाउनची. "नवीन, चर्चेत, दर दिले, नक्की" हे टप्पे काही सीआरएम तुम्ही ठरवलेल्या क्रमाने लावतात, काही वर्णानुक्रमे. वर्णानुक्रमे लावलं की "चर्चेत" पहिला आणि "नवीन" शेवटचा. हे टाळायला काही जण टप्प्यांच्या नावाआधी आकडा लावतात: "1 नवीन", "2 चर्चेत". देखणं नाही, पण काम करतं.

नावं देवनागरीत असतील तर आणखी एक बाब. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे संकेतांक देतो त्यांत, "ळ" ची जागा "ल" च्या लगेच नंतर आहे, तर आपल्या वर्णमालेत ती "ह" च्या नंतर. डेटाबेस नुसत्या अक्षरांच्या संकेतांकावर क्रम लावत असेल तर यादी आपल्या शब्दकोशाच्या क्रमाने येणार नाही. आणि काही नावं रोमनमध्ये, काही देवनागरीत असतील तर सगळी रोमन नावं आधी येतात. यावर यादीच्या सेटिंगमध्ये उपाय नाही. नावं कोणत्या लिपीत भरायची हे टीमने एकदा ठरवायला हवं.

"आज फोन करायचे" साठी मी क्रम लावीन तो फॉलो-अपच्या तारखेचा, चढता. सर्वांत जुना राहून गेलेला वर. रक्कम उतरत्या क्रमाने लावायचा मोह होतो, पण मग मोठ्या सौद्यांना रोज फोन जातो आणि लहान ग्राहक कायम तळाशी राहतात.

आता हे कुठे करायचं. कोणतं सॉफ्टवेअर ते प्रश्नात नाही, म्हणून नेहमीच्या काहींबद्दल लिहिते.

सेल्सफोर्समध्ये यादीच्या वर दातेरी चक्राचं बटण असतं. तिथून नवी यादी करता येते, फिल्टर लावता येतात, रकाने निवडता येतात. एका यादीत जास्तीत जास्त 15 फील्ड दाखवता येतात. फिल्टर "1 आणि (2 किंवा 3)" अशा पद्धतीने जोडता येतात, म्हणजे वर सांगितलेली "किंवा रिकामी" ही अट बसते. पण त्याची एक किंमत आहे: अटींमध्ये "किंवा" आला की यादीतच ओळ दुरुस्त करण्याची सोय बंद होते. ज्यांना यादीतूनच तारीख बदलायची असते त्यांना हे खटकतं. अशा वेळी मी दोन याद्या करते, एक तारीख उलटलेल्यांची आणि एक तारीख नसलेल्यांची, आणि दुसरी रिकामी करणं हे आठवड्याचं काम म्हणून टीमला देते. दुसरी मर्यादा अशी की यादीत जोडलेल्या मुख्य रेकॉर्डचं हवं ते प्रत्येक फील्ड थेट आणता येत नाही. संपर्काच्या यादीत कंपनीचा उद्योग दाखवायचा असेल तर संपर्कावर सूत्राचं फील्ड बनवून त्यात ते आणावं लागतं. याला कोड म्हणत नाहीत, एक्सेलमध्ये सूत्र लिहिता येत असेल तर हेही जमतं. हवी ती यादी आधी उघडावी म्हणून ती पिन करता येते. हे ज्याचं त्याने करायचं असतं, ते टीमला दाखवून द्या. नाहीतर यादी उघडल्यावर "नुकतेच पाहिलेले" हेच समोर येत राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये यादीला व्ह्यू म्हणतात. माणूस स्वतःपुरता व्ह्यू करू शकतो, आणि ॲडमिन सगळ्यांसाठीचा. सगळ्यांसाठीचा बदलल्यावर तो प्रकाशित करावा लागतो; ते विसरलं की तुम्ही बदललेलं कोणालाच दिसत नाही. जोडलेल्या मुख्य रेकॉर्डचे रकाने इथे थेट घेता येतात. यात क्विक फाइंड नावाचा एक वेगळा व्ह्यू असतो आणि तो दोन गोष्टी ठरवतो: शोध घेतल्यावर काय दिसावं, आणि मुळात कोणत्या फील्डमध्ये शोधावं. फोन नंबर टाकून ग्राहक सापडत नाही ही तक्रार आली की मी आधी तिथे जाऊन फोनचं फील्ड शोधायच्या फील्डमध्ये आहे का ते पाहते.

झोहोत याला कस्टम व्ह्यू म्हणतात, आणि तो फक्त स्वतःला, सगळ्यांना किंवा निवडक लोकांना दाखवायचा हे तयार करतानाच ठरवता येतं. ओडूमध्ये यादीची मांडणी एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली असते. तिथे एखादा रकाना ऐच्छिक ठेवला की वापरणारा तो उजव्या कोपऱ्यातून चालू-बंद करू शकतो. ही निवड त्या ब्राउझरमध्ये साठते, म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसल्यावर ती सोबत येत नाही. आवृत्ती 18 पासून या मांडणीचं जुनं "ट्री" हे नाव जाऊन "लिस्ट" आलं आहे. जुनं मार्गदर्शन वाचत असाल तर हे लक्षात ठेवा.

सूटसीआरएम असेल तर ॲडमिनमध्ये स्टुडिओ उघडा. तिथे तीन रांगा दिसतात: डिफॉल्ट, उपलब्ध आणि लपवलेले. डिफॉल्टमधले रकाने सगळ्यांना दिसतात, उपलब्धमधले ज्याला हवेत तो स्वतः चालू करतो, लपवलेले कोणालाच मिळत नाहीत. अठरापैकी सात डिफॉल्टमध्ये आणि पाच उपलब्धमध्ये ठेवले की "माझा रकाना का काढला" हे भांडण टळतं. कोणी तुम्हाला थेट मूळ मॉड्यूलच्या फाइलमध्ये बदल करा असं सांगितलं तर करू नका. पुढच्या अपग्रेडमध्ये ती फाइल पुसून नवी येते आणि तुमचं काम जातं. बदल कस्टम नावाच्या फोल्डरमध्येच राहायला हवेत. स्टुडिओ ते तिथेच ठेवतो.

सगळ्या सॉफ्टवेअरांना लागू असणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात लोक अनेक तास घालवतात. एकाच ग्राहकाच्या चार याद्या असतात. एक मुख्य यादी. दुसरी शोधाच्या निकालांची. तिसरी, कंपनीचं रेकॉर्ड उघडल्यावर खाली दिसणारी तिच्या संपर्कांची किंवा सौद्यांची. चौथी, फॉर्म भरताना ग्राहक निवडायला उघडणारी छोटी खिडकी. या चारींची मांडणी सहसा वेगवेगळ्या ठिकाणी ठरते. मुख्य यादीत रकाना घातला म्हणून तो शोधात दिसेल असं नाही. विशेषतः चौथीकडे लक्ष द्या. तिथे फक्त नाव दिसत असेल आणि एकाच नावाचे तीन ग्राहक असतील, तर माणूस अंदाजाने एकावर क्लिक करतो आणि सौदा भलत्याच ग्राहकाला जोडला जातो. तिथे नावाशेजारी शहर किंवा फोन नंबर हवाच.

आता लाल रंग. होतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेने. ओडूमध्ये मांडणीतच अट लिहून ओळ लाल करता येते आणि हे त्यातलं सर्वांत सोपं. सेल्सफोर्समध्ये सूत्राच्या फील्डमध्ये छोटं चित्र दाखवायची सोय आहे. तारीख उलटली असेल तर लाल झेंडा, नाहीतर हिरवा. डायनॅमिक्समध्ये रकान्यात चिन्ह दाखवायला जावास्क्रिप्टचं छोटं फंक्शन जोडावं लागतं. सूटसीआरएममध्ये प्रत्येक ओळ दाखवण्याआधी चालणारा हूक, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहावा लागतो, म्हणजे तिथे प्रोग्रामर आला.

रंग लावाल तर दोन पथ्यं पाळा. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही अशी माणसं जवळपास प्रत्येक मोठ्या टीममध्ये असतात, म्हणून रंगासोबत शब्दही हवा: "5 दिवस उलटले". हा आकडा नुसत्या रंगापेक्षा जास्त सांगतो, आणि आजच्या तारखेतून फॉलो-अपची तारीख वजा करणाऱ्या सूत्राने तो मिळतो. दुसरं, एकच स्थिती रंगवा. लाल, पिवळा, हिरवा, निळा असं सगळं रंगवलं की आठवड्याभरात कोणाचंच लक्ष जात नाही. मी फक्त उलटून गेलेले रंगवते, बाकी ओळी साध्या ठेवते. आणि अशा सूत्राच्या फील्डवर फिल्टर लावू नका, फिल्टर मूळ तारखेवरच ठेवा. "आज" वर अवलंबून असणाऱ्या सूत्राचं उत्तर रोज बदलतं, म्हणून सेल्सफोर्समध्ये त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बनवता येत नाही आणि रेकॉर्ड लाखांत गेले की यादी रेंगाळते.

वेगाचा विषय निघालाच आहे तर थोडं आणखी. यादी हळू उघडत असेल तर रकाने मोजण्याआधी हे बघा की एखादा रकाना प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे वेगळी चौकशी करतोय का. मी वर ज्या हूकबद्दल लिहिलं, त्यात कोणी "या ग्राहकाची शेवटची मीटिंग शोधून आण" असं लिहिलं तर 20 ओळींच्या पानाला 20 जादा चौकश्या होतात, आणि कोणी पानावर 200 ओळी मागितल्या तर 200. उपाय असा की शेवटच्या मीटिंगची तारीख ग्राहकाच्या रेकॉर्डवरच एका फील्डमध्ये ठेवायची आणि मीटिंग नोंदवताना ती बदलायची. यादीने मग फक्त वाचायचं.

प्रत्येकाला वेगळी यादी देण्याबद्दल. बारा जणांसाठी बारा याद्या करू नका. "जबाबदार व्यक्ती = सध्या वापरणारा" अशी अट जवळपास सगळीकडे असते. एकच यादी, प्रत्येकाला आपापले ग्राहक. वेगळी करायची ती कामानुसार: फोन करणाऱ्यांसाठी, सौदे बंद करणाऱ्यांसाठी, प्रमुखासाठी. सगळ्यांना दिसणाऱ्या याद्या बनवायचा अधिकार दोघांपुरताच ठेवा. सेल्सफोर्समध्ये त्यासाठी वेगळी परवानगीच आहे. स्वतःपुरत्या याद्या मात्र प्रत्येकाला मोकळेपणाने करू द्या. सगळ्यांसाठीच्या याद्या कोणालाही बनवू दिल्या तर वर्षभरात "नवीन यादी", "नवीन यादी 2", "टेस्ट जुनी" अशा चाळीस याद्या जमतात आणि कोणती पुसायची हे कोणालाच ठरवता येत नाही. नावात प्रश्न लिहा: "आज फोन करायचे", "या महिन्यात बंद होणारे", "अजून न बोललेले लीड". नाव वाचून यादी कशासाठी आहे ते कळत नसेल तर ती कोणी उघडणार नाही.

इथे एक सावधगिरी, जी मी एका चुकीतून शिकले. एका कंपनीच्या सीआरएममध्ये ग्राहकाला दिलेल्या सवलतीचं फील्ड होतं. ते सगळ्या टीमने पाहू नये असं ठरलं, आणि मी रकाना यादीतून काढला. काही महिन्यांनी एकाने यादी एक्सपोर्ट केली आणि त्या फाइलमध्ये सवलतीचे आकडे शेजारी-शेजारी उभे होते. एक्सपोर्ट यादीतले रकाने न पाहता सगळी फील्ड उतरवत होता. ज्या ग्राहकांना कमी सवलत होती त्यांच्यापर्यंत ती बातमी पोहोचली, आणि ते निस्तरायला विक्री प्रमुखाला कित्येक दिवस लागले. चूक माझी होती. रकाना काढणं म्हणजे फील्ड नजरेआड करणं एवढंच. कोणी पाहायचं नसेल तर फील्डच्या पातळीवर परवानगी काढावी लागते. मग ते यादीत, शोधात, एक्सपोर्टमध्ये, अहवालात कुठेच दिसत नाही. तेव्हापासून "हा रकाना काढा" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते: गर्दी होते म्हणून, की कोणी पाहू नये म्हणून?

यादीतून एकदम अनेक रेकॉर्ड बदलायची सोय असेल तर तीही समजून घ्या. वरच्या चौकोनावर टिक केली की काही ठिकाणी समोरच्या पानावरच्या ओळी निवडल्या जातात, काही ठिकाणी फिल्टरमध्ये बसणारे सगळे रेकॉर्ड, न दिसणाऱ्या पानांवरचे सुद्धा. टीमला देण्याआधी पाच खोट्या रेकॉर्डांवर स्वतः करून बघा, निवडलेल्यांचा आकडा कुठे दिसतो ते त्यांना दाखवा.

राहिला एक्सेलचा मुद्दा. लोक यादी एक्सेलमध्ये उतरवतात म्हणून एक्सपोर्टची परवानगी काढून घ्यावी असं कदाचित कोणी सुचवलं असेल. ते लगेच करू नका. आधी टीममधल्या प्रत्येकाकडून त्यांची चालू एक्सेल फाइल मागून घ्या आणि नीट पाहा. त्यात सीआरएममधून आलेल्या रकान्यांच्या उजवीकडे हाताने घातलेले रकाने सापडतील: "कोणाला विचारायचं", "दुपारी फोन नको", "साहेबांशी बोलून झालं", किंवा नुसता एक पिवळा रंग. तो प्रत्येक रकाना म्हणजे सीआरएममध्ये नसलेलं एक फील्ड. कोणत्या ओळी पुसल्यात तेही बघा, त्यातून तुम्हाला फिल्टर मिळेल. कोणत्या रकान्यावर क्रम लावलाय ते बघा, तो तुमच्या यादीचा क्रम. एका टीमच्या सात फाइलींमध्ये पाच जणांनी "दुपारी फोन नको" सारखी नोंद वेगवेगळ्या शब्दांत केलेली मला सापडली होती. "फोनची सोयीची वेळ" असं एक ड्रॉपडाउन बनवलं, ते यादीत फोन नंबरच्या शेजारी ठेवलं, यादीतूनच बदलता येईल असं केलं. त्यानंतर एक्सपोर्टची परवानगी तशीच ठेवली होती, तरी महिन्याभराने लॉग, म्हणजे कोणी काय केलं याची सीआरएममधली नोंद, पाहिला तेव्हा त्या टीममधल्या फक्त एकीने यादी उतरवलेली होती, आणि तीही महिन्याच्या अहवालासाठी.